कुंडलिक आणि पाचवं बटन

कुंडलिकची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी जोसेफिन. तेव्हा बँकेत नवीन लागलेले, ठाण्यातल्या नौपाड्याच्या शाखेत कॅशवर बसायचे, आणि हा माझ्या मागच्या कोपऱ्यात टेलिफोनच्या बोर्डावर. एकदा केर काढणाऱ्या बाईला जागा हवी होती म्हणून मी त्याची खुर्ची जराशी सरकवली. हा चहा पिऊन आला, बसायला गेला आणि धाडकन आपटला. सगळी बँक उठून उभी राहिली. मी धावत गेले, सॉरी सॉरी म्हणत त्याला उठवायला लागले, तर माझा हात झटकून म्हणतो, "सॉरी नंतरचं. आधी सांगायचं असतं."

एवढासा माणूस आणि केवढा तोरा! मी मनात म्हटलं, याला दिसत नाही म्हणून बाकीचे ऐकून घेत असतील, मी नाही घेणार. मीही दोन शब्द सुनावले. त्याने चार सुनावले. संध्याकाळी स्टेशनकडे जाताना मात्र माझ्याशेजारी येऊन चालायला लागला आणि म्हणाला, "तू पहिलीच, जी माझ्याशी नीट भांडलीस. बाकीचे नुसते बिचारा बिचारा करतात." तेव्हापासून आम्ही भांडतोच आहोत. दोघं रिटायर झालो, केस पिकले, पण भांडण काही थांबलं नाही.

कुंडलिकचं बालपण कल्याणचं. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार. लहानपणी गोवर निघाला, ताप डोक्यात गेला आणि दोन्ही डोळे गेले. चाळीतल्या लोकांनी आईला सांगितलं, पोराला पेटी शिकवा, भजनात बसेल. आई म्हणाली, माझा पोरगा शिकेल आणि खुर्चीवर बसेल. अंधशाळेत घातला, शिकवला, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स करवला. पहिला पगार घेऊन हा घरी गेला त्या दिवशी आईने चाळीत घरोघरी जाऊन पेढे वाटले आणि पेटीचा सल्ला देणाऱ्यांना मुद्दाम दोन दोन जास्त दिले. हे तो अजून हसत हसत सांगतो. आता डोंबिवलीला राहतो, बायको सुमेधाबरोबर. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. तिच्याएवढी शांत बाई मी पाहिलेली नाही. कुंडलिकशी संसार करायचा म्हणजे तसंच असायला हवं.

आता मूळ गोष्ट. बँकेने त्याला कॉम्प्युटर दिला, बोलणारा. म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते मशीन वाचून दाखवतं. माउसचा काही उपयोग नाही, बाण कुठे आहे ते दिसणार कोणाला? सगळं कीबोर्डवर. टॅबचं बटन दाबलं की मशीन पुढच्या गोष्टीवर जातं आणि तिचं नाव सांगतं. हवी ती आली की एंटर. कुंडलिक त्यावर असा हात चालवायचा की आमचे साहेब लोक जेवणाच्या सुट्टीत बघायला यायचे.

मग याने एक मेलिंग लिस्ट काढली. नाव ठेवलं 'सोबत'. लिस्ट म्हणजे काय, तर एक पत्ता. त्या पत्त्यावर एकाने मेल टाकला की सगळ्या मेंबरांना पोचतो. आणि मेंबर कोण? सगळे आंधळे. आम्ही डोळसवाले मोजून दोन-चार, भानगडीपुरते. मी त्याला शंभरदा विचारलंय, अरे आता व्हॉट्सॲप आहे, मेल कोण वाचतं? तर भडकतो. "व्हॉट्सॲपवर काल कोण काय बोललं ते आज सापडत नाही. इथे दहा वर्षांपूर्वी कोणी विचारलेलं असतं, बस पासला कोणते कागद लागतात, ते आजही सापडतं. आणि बाईमाणसाला आपला नंबर चारशे लोकांना द्यावा लागत नाही."

'सोबत'चं सगळ्यात मोठं काम लेखनिकाचं. दिसत नाही त्याने परीक्षा द्यायची म्हणजे त्याच्याऐवजी लिहिणारा माणूस हवा, तो लेखनिक. नियम असा की लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला पाहिजे, नाहीतर तोच उत्तरं देईल. त्यामुळे माझ्यासारखी एम.कॉम. बाई फुकट. मग लिस्टवर मेल पडतो, अमुक रविवारी ठाण्यात लेखनिक हवा. आणि कोणीतरी आपली भाची, शेजारीण, दुकानातली मदतनीस देऊ करतो. आपापली डोळस माणसं हे लोक एकमेकांना उसनी देतात. कित्येक जणांच्या नोकऱ्या या उसनवारीवर लागल्यात.

प्रत्येक मेंबरचं लिस्टच्या वेबसाइटवर एक पान असतं. तिथे जाऊन पत्ता बदला, मेल थोडे दिवस बंद ठेवा, नाहीतर दिवसभराचे सगळे मेल एकत्र बांधून एकच घ्या. या शेवटच्या सोयीला कुंडलिक गठ्ठा म्हणतो. गठ्ठा कसा लावायचा हे लोक सारखं विचारायचे, म्हणून याने खूप वर्षांपूर्वी स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग करून सगळ्यांना पाठवलं. "पान उघडा. टॅब मारत जा. पाचव्या बटनावर एंटर. मग मशीन इंग्रजीत काहीतरी विचारेल, घाबरू नका, पुन्हा एंटर. झालं." आवाज ऑपरेटरचा, एकदम खणखणीत. लोकांना ते तोंडपाठ.

गेल्या वर्षी भांडण झालं. कल्याणला महेंद्र म्हणून एक मेंबर आहे, फिजिओथेरपिस्ट, हातात जादू आहे म्हणतात. त्याला दररोज सकाळी लिस्टवर सुविचार पाठवायची हौस, वर बासरीची क्लिप जोडलेली. कुंडलिकने दोनदा प्रेमाने सांगितलं. तिसऱ्यांदा जाहीर मेल टाकला. काय लिहिलं असेल? "ही लिस्ट कामासाठी आहे, करमणुकीसाठी नाही. ज्यांना नियम पाळायचे नसतील त्यांना मी काढून टाकीन."

झालं! अर्धे लोक महेंद्रच्या बाजूने, अर्धे कुंडलिकच्या. एकाने लिहायचं, दहांनी उत्तर द्यायचं, त्या दहांना आणखी वीसांनी. माझा फोन सारखा टुंग टुंग वाजायचा. मी वैतागून आवाज बंद केला. आणि मग दोन-तीन दिवसांत सगळं एकदम शांत झालं. मला वाटलं, चला, दमले.

दमले नव्हते. गेले होते. कोणी मेंबर लिस्ट सोडली की कुंडलिकला मेल येतो, अमुक अमुक यांनी लिस्ट सोडली. तसे मेल यायला लागले. सकाळी पाच, दुपारी आठ. महेंद्र गेला तो तर पहिल्याच दिवशी. मग असे लोक जायला लागले, जे रोज बोलायचे, ज्यांच्याकडे हमखास लेखनिक असायचे, जे कुंडलिकच्या बाजूने भांडले होते तेसुद्धा. कुंडलिक मला यातलं काहीही बोलला नाही. माझ्याशी चहाच्या साखरेवरून भांडणारा माणूस, आणि एवढं मोठं झालं तर गप्प!

मला कळलं ते दीप्तीमुळे. दीप्ती आमच्या माजिवड्याला, माझ्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहते. जन्मापासून दिसत नाही, पण पोरगी तिखट. सरकारी लिपिकाच्या भरतीसाठी दोन वर्षं घासतेय. रविवारी परीक्षा, आणि आयत्या वेळी तिचा लेखनिक रद्द. चुलतभाऊ होता, तो ग्रॅज्युएट झाला म्हणून नियमात बसेना. लेखनिकाचं नाव आणि आधारची कॉपी शनिवारी दुपारच्या आत परीक्षेच्या केंद्रावर द्यायची होती. तिने 'सोबत'वर मेल टाकला. एरवी अशा मेलला तासाभरात उत्तर येतं. तीन दिवस झाले तरी कोणीही बोललं नाही.

"आंटी, सगळे रागावलेत का माझ्यावर?" दीप्ती मला विचारते. आवाज रडवेला. "यावेळी परीक्षा राहिली तर पुन्हा कधी भरती निघेल कोणास ठाऊक. वय उलटून जाईल माझं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गुरुवारी सकाळी उठून तडक डोंबिवली गाठली. सुमेधाने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "जोसेफिनताई, जरा सांभाळून. पंधरा दिवस मशीनला हात लावलेला नाही. जेवतात, पंख्याखाली बसतात. विचारलं तर म्हणतात, माझा स्वभावच वाईट."

तो खरंच पंख्याखाली बसला होता. मी पर्स टाकली आणि सुरू झाले. "कुंडलिक, ती पोरगी तिकडे रडतेय आणि तू इकडे हवा खात बसलायस?"

"कोणती पोरगी?"

मी सांगितलं. त्याने मेलच उघडला नव्हता तर कळणार कसं? ऐकून त्याचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाला, "आता काही उपयोग नाही, जोसेफिन. लिस्टवर बोलणारा माणूसच उरलेला नाही. शंभरावर लोक सोडून गेले. माझ्या जिभेमुळे गेले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्यावर नुसता डाफरत आलो, त्यांनी सहन केलं, आता नाही केलं. रविवारी लिस्ट बंद करून टाकतो. मालकाच्या पानावर तसं बटन आहे."

मला एवढं वाईट वाटलं म्हणून सांगू! तीस वर्षांत याला मी कधी हरलेला पाहिला नव्हता. पण मला वाईट वाटलं की त्याचा लगेच राग होतो, हा माझा जुना आजार. मी म्हटलं, "गेले ते कसले रे लोक? एवढं केलंस त्यांच्यासाठी! थांब, त्या महेंद्रला मी बघते." सुमेधाकडून नंबर घेतला आणि गॅलरीत जाऊन फोन लावला.

"मी जोसेफिन, कुंडलिकच्या बँकेतली. तुम्हाला काही लाज वाटते का हो?"

पलीकडे माणूस गडबडला. "कोण मॅडम? काय झालं?"

"काय झालं? एका शब्दावरून लिस्ट सोडून गेलात, वर शंभर लोक घेऊन गेलात. त्या माणसाने अन्न टाकायचं बाकी ठेवलंय."

मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही उलटं बोलताय. मी कुठे सोडून गेलो? सरांनी मला काढलं."

"काय?"

"मेल आहे ना माझ्याकडे. यू हॅव बीन रिमूव्हड. मशीनने स्वच्छ वाचून दाखवलं. बोललो, सर बोलले ते करून मोकळे झाले. मला लागलं ते, खोटं नाही सांगत. अकरा वर्षं होतो मी सोबतवर. बरं, चुकी माझी होती, पण जे सरांच्या बाजूने बोलत होते त्यांनापण काढलं! ते फोन करतात मला, विचारतात, आम्ही काय केलं?"

मी गॅलरीतल्या बादलीवरच बसले. कुंडलिकला मशीन सांगतं, हा गेला. त्याला मशीन सांगतं, तुला काढलं. म्हटलं, यात काहीतरी घोटाळा आहे. "बरं, एक सांगा. तो मेल यायच्या आधी तुम्ही काय करत होता?"

"काही नाही. भांडणाच्या मेलांनी फोन नुसता भरून गेलेला. पेशंटच्या पाठीवर हात आणि खिशात टुंग टुंग. म्हणून गठ्ठा लावायला गेलेलो, सरांच्याच रेकॉर्डिंगप्रमाणे. सगळेच लावत होते तेव्हा."

मी फोन ठेवला. दीप्तीचं नाव काढायचं या गडबडीत विसरलेच. आत येऊन कुंडलिकला सगळं सांगितलं. तो ताडकन उठला. "मी? मी एकालाही काढलेलं नाही!"

"माहितीये. ऊठ, मशीन लाव. माझं पान उघड, मेंबरचं. आणि तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये आहे तसं कर, अगदी तस्सं."

कुरकुरत बसला. मी माझा पासवर्ड सांगितला, तो कसला आहे यावर त्याने नाक मुरडलंच. पान उघडलं. हे पान मी मेंबर झाल्यापासून कधीच उघडलेलं नव्हतं आणि कुंडलिकही उघडत नसे, कारण त्याला मालकाचं वेगळं पान. ज्या संस्थेच्या सर्व्हरवर लिस्ट चालायची तिने अलीकडेच, कोणाला न सांगता, पानं नवीन केली होती. एकदम चकाचक. अक्षरं गेली होती आणि रांगेत छोटी छोटी चित्रं आली होती. घंटा, पाकीट, पेन्सिल.

कुंडलिकने टॅब मारला. मशीन म्हणालं, "बटन." पुन्हा टॅब. "बटन." पुन्हा. "बटन."

"हे काय?" तो म्हणाला. "याला नावं का नाहीत?"

"चित्रं आहेत रे."

"चित्रं असू दे, चित्राला मागे नाव द्यायचं असतं. आमचं मशीन ते वाचतं. नाव नसेल तर नुसतं बटन बटन करत बसतं." पण हात त्याच्या सवयीने चाललेच होते. चौथं बटन, पाचवं बटन, आणि बोट एंटरवर गेलं.

"थांब!" मी ओरडले. सुमेधा स्वयंपाकघरातून धावत आली.

पाचवं चित्र होतं दाराचं. उघडं दार आणि त्यातून बाहेर जाणारा बाण. "कुंडलिक," मी म्हटलं, "हे दार आहे. बाहेर जायचं. तुझा गठ्ठा आता सातवा झालाय, पाकिटांची चळत काढलीय तिथे. पाचव्यावर एंटर मारला की माणूस लिस्टच्या बाहेर."

"आणि ते इंग्रजीत विचारतं ते?"

मी एकदा तेही करून बघितलं, म्हटलं मी गेले तरी काय बिघडतंय. मध्यभागी चौकट आली, आर यू शुअर, खाली ओके. कशाबद्दल शुअर, त्याचा पत्ता नाही. आणि रेकॉर्डिंगमध्ये तर सर स्वतः सांगतायत, घाबरू नका, पुन्हा एंटर. मी एंटर मारला. दोन मिनिटांत त्याच्या मशीनवर मेल आला, जोसेफिन यांनी लिस्ट सोडली. माझ्या फोनवर आला, यू हॅव बीन रिमूव्हड.

कुंडलिक आधी हसला. असा हसला की सुमेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे रागावून नाही गेले! जोसेफिन, रागावून नाही गेले गं ते!" आणि मग हसणं मध्येच तुटलं. "म्हणजे माझ्याच आवाजाने शंभर माणसं घराबाहेर काढली. माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून गेली ती. ज्यांनी माझं ऐकलं नाही ते राहिले."

"आता रडत बसू नकोस," मी म्हटलं. "चित्रं तू लावलीस का? त्यांना चांगला झणझणीत मेल लिही नंतर. आधी सगळ्यांना परत घाल. पत्ते आहेत ना तुझ्याकडे?"

पत्ते होते. मालकाच्या पानावर दोन सोयी असतात. एक, थेट आत घाला, त्यांना विचारायची गरज नाही. दुसरी, आमंत्रण पाठवा. त्याला नुसतं उत्तर पाठवलं की माणूस मेंबर होतो, पान उघडावं लागत नाही. मी म्हटलं, थेट घाल आणि दीप्तीचा मेल सोड. कुंडलिक म्हणाला, आमंत्रण.

"अरे वेडा आहेस का? शनिवारी दुपारपर्यंत नाव द्यायचंय! ते कधी मेल बघणार, कधी उत्तर देणार?"

"जोसेफिन, मी आयुष्यभर रस्त्याच्या कडेला नुसता उभा असतो, कोणाची तरी वाट बघत, आणि लोक माझा हात धरून मला पलीकडे नेऊन सोडतात. मला जायचंच नसतं. पुण्य करून निघून जातात ते, आणि मी पुन्हा अलीकडे यायचा रस्ता शोधत बसतो. ही माणसं न विचारता बाहेर गेली. आत तरी त्यांना विचारून घेऊ दे."

मी खूप चिडले. दीप्तीची नोकरी राहिली एका बाजूला आणि याचं तत्त्वज्ञान! तसं तोंडावर बोललेही. पण तो ऐकेना, आणि खरं सांगायचं तर तो बरोबर आहे हे मला कळत होतं म्हणूनच जास्त राग येत होता. त्याने आमंत्रण लिहिलं. काय झालं ते सरळ लिहिलं. "तुम्हाला कोणी काढलेलं नाही. पान बदललं ते मी तपासलं नाही, चुकी माझी. जे बोललो त्याबद्दलही माफी. परत यायचं असेल तर या मेलला नुसतं उत्तर पाठवा. यायचं नसेल तरी राग नाही. जय भीम." आणि खाली दीप्तीची गरज, तिच्या नंबरसकट. कुंडलिकला माफी मागताना मी पहिल्यांदा ऐकत होते, तीही शंभर जणांची एकदम.

मेल गेला. मशीन गप्प. सुमेधाने पोहे केले, आम्ही खाल्ले, मशीन गप्पच. कुंडलिक म्हणाला, "मालिश, शिकवण्या, नोकऱ्या. दिवसा कोण मेल बघणार?" पण त्याची बोटं टेबलावर वाजत होती. मी निघायला चप्पल घातली आणि मशीन बोललं. तो नेहमी ते इतक्या वेगात चालवतो की मला नुसती चिवचिव ऐकू येते. या वेळी त्याने वेग कमी केला, अगदी कमी, मला कळेल एवढा. "हो. सर, मला वाटलं तुम्हीच काढलंत." मी चप्पल काढली.

मग एक आला. मग तीन. उत्तरात काही लिहायची गरज नसते, कोरं पाठवलं तरी चालतं, पण एकानेही कोरं पाठवलं नाही. कोणी लिहिलं, आलो. कोणी लिहिलं, सर तुमचा आवाज रेकॉर्डिंगमधला बरा, खऱ्यात जास्त ओरडता. उल्हासनगरच्या एका बाईने लिहिलं, पंधरा दिवस घर सुनं वाटत होतं. कुंडलिक प्रत्येक नाव ऐकायचा, पुन्हा ऐकायचा आणि मगच पुढे जायचा. मी आणि सुमेधा दोघी उभ्याच होतो.

महेंद्रचं उत्तर संध्याकाळी आलं. "हो. दीप्तीसाठी माझी बायको शेवंती येईल. बारावी आहे. नाव द्या तिचं."

दीप्तीला फोन केला तर पोरगी किंचाळली. तिला तोवर आणखी दोघांचे फोन येऊन गेले होते. शेवंतीचं नाव पक्कं झालं, कारण तिचं अक्षर चांगलं आणि रविवारी ती मोकळी. शेवंती मला फोनवर म्हणाली, "ताई, लग्नात सगळे बोलायचे मुलगी फक्त बारावी आहे. बारावी असण्याचा फायदा पहिल्यांदाच होतोय बघा."

रविवारी ठाण्यातल्या कॉलेजात सेंटर. मी दीप्तीला घेऊन लवकर पोचले. कुंडलिकही डोंबिवलीहून पहाटेच्या ट्रेनने आला, एकटा, काठी घेऊन. मला घरी बसवत नाही म्हणाला. महेंद्र आणि शेवंती येणार कल्याणहून. तोवर मेगाब्लॉक लागला, दुरुस्तीसाठी ट्रेन बंद, म्हणून ते रिक्षाने निघाले आणि शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकले. फोनवर फोन. गेट बंद व्हायची वेळ आली. दीप्ती माझा हात इतका घट्ट धरून उभी की बोटं बधिर झाली. वॉचमनला मी भाऊ म्हटलं, दादा म्हटलं, शेवटी धमकीही दिली. तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली, एक ठेंगणी बाई साडी सावरत धावत आली आणि म्हणाली, "दीप्ती कोण?" दोघी हातात हात घालून आत गेल्या, गेट लागलं आणि मी वॉचमनला सॉरी म्हटलं.

बाहेरच्या बाकावर दोघं. कुंडलिक या टोकाला, महेंद्र त्या टोकाला. अकरा वर्षं एकमेकांना मेल लिहिले आणि समोरासमोर पहिल्यांदा भेटत होते. कोणी बोलेना.

"ट्रॅफिक फार होतं का?" कुंडलिकने विचारलं.

"होतं."

एवढंच. माझं डोकं फिरलं. "तुम्हा दोघांना झालंय काय? दोघांकडे एकमेकांचे नंबर होते. पंधरा दिवस एक तिकडे तोंड पाडून, एक इकडे. एक फोन करायला काय जात होतं?"

कुंडलिक काठीच्या मुठीवर अंगठा घासत बसला. मग म्हणाला, "जो सोडून गेलाय त्याला परत कसं विचारायचं? भीक मागितल्यासारखं झालं असतं."

महेंद्र म्हणाला, "आणि ज्याला काढलंय त्याने परत कसं विचारायचं? रोज नंबर काढायचो, सर. रोज ठेवून द्यायचो."

"मीसुद्धा," कुंडलिक म्हणाला.



गेट उघडलं. दीप्ती आणि शेवंती आल्या. दीप्तीचा चेहराच सांगत होता. "एकही प्रश्न सोडला नाही! शेवंतीताई एकदम फास्ट वाचतात. सर, तुम्ही सोबत बंद करणार होतात असं कळलं. आता मुळीच करू नका, मला अजून पुष्कळ परीक्षांत नापास व्हायचंय."

"नापास झालीस तर तुलाच काढून टाकीन," कुंडलिक म्हणाला. सवयीनेच निघून गेलं त्याच्या तोंडून. बोलला आणि एकदम थबकला.

आधी महेंद्र हसला, मोठ्याने. "काढा, सर, काढा. आम्ही परत येतो." मग सगळेच हसलो. शेवंतीला नीट कळलं नव्हतं, तरी तीही हसली.

कुंडलिक उठून उभा राहिला आणि त्याने महेंद्रच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. तेवढ्यात महेंद्रही उठला होता आणि त्याचाही हात पुढे आला होता, जरा वरती, जरा उजवीकडे. दोन्ही हात हवेत एकमेकांना शोधत होते. माझा हात आपोआप निघाला त्यांना जुळवायला. मी तो मागे घेतला आणि नुसती उभी राहिले. सापडले ते एकमेकांना.